पोस्टरांच्या पोटातले रंग

नगरपालिकेची निवडणूक होऊन तीन दिवस झाले होते. मुलीला शाळेत सोडून मी सायकलने स्टुडिओकडे निघाले होते. ट्रॅमच्या थांब्याशेजारी नगरपालिकेचा एक माणूस निवडणुकीचा फळा काढत होता. इथे द हेगमध्ये निवडणूक आली की चौकाचौकांत असे मोठे लाकडी फळे उभे करतात आणि सगळ्या पक्षांची पोस्टरं त्यांच्यावर लागतात. एकाने लावलं की दुसरा त्यावर लावतो, मग तिसरा, मग पुन्हा पहिला. सहा आठवडे पाऊस, वारा आणि ऊन खाऊन त्या कागदांचा एकजीव पुठ्ठा होतो. तो माणूस पहारीसारख्या पट्टीने तो पुठ्ठा फळ्यावरून सोलत होता. एका कोपऱ्यातून तो उलगडला तेव्हा मला त्याची कड दिसली. बोटभर जाडीत नारिंगी, हिरवा, निळा, पांढरा, पुन्हा हिरवा, गुलाबी, अशा रेषा एकावर एक बसलेल्या होत्या. मी सायकल तिथेच थांबवली.

"याचं काय करणार?" मी माझ्या मोडक्यातोडक्या डचमध्ये विचारलं.

"टाकून देणार."

"मला द्याल?"

त्याने मला एकदा नीट पाहून घेतलं. साठीचा असेल, नारिंगी जाकीट, कानटोपी. "कुठल्या पक्षाचं हवंय?"

"सगळ्यांचं. हे असं चिकटलेलं आहे तसंच."

"आणि तुम्ही याचं काय करणार?"

"चित्र करणार. मी चित्रकार आहे."

"या लोकांच्या चेहऱ्यांचं?"

"चेहरे मला अजिबात नकोत."

"मग आपलं जमेल," तो म्हणाला आणि त्याने पोळपाटाएवढा एक तुकडा माझ्या सायकलच्या कॅरिअरवर स्वतः बांधून दिला. मी माझा स्टुडिओ कुठे आहे ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची व्हॅन आमच्या आवारात आली. तासाभरात माझ्या खोलीच्या एका भिंतीला पोस्टरांची कंबरेएवढी चवड लागली होती.

माझा स्टुडिओ म्हणजे बंद पडलेल्या एका प्राथमिक शाळेतला वर्ग. शाळा पाडून तिथे घरं व्हायची आहेत, पण कागदपत्रं पुढे सरकेपर्यंत वर्ग चित्रकारांना, कुंभारकाम करणाऱ्यांना भाड्याने दिलेत. वर्गात अजून फळा आहे, आणि लहान मुलांसाठी गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधलेलं लांबलचक बेसिन. ब्रश धुवायला मला उकिडवं बसावं लागतं. पुण्यात असताना मी औषधांच्या आणि बिस्किटांच्या खोक्यांची डिझाइनं करायची. नवऱ्याला इथे नोकरी मिळाली म्हणून त्याच्यामागून आले, पहिली दोन वर्षं मुलगी लहान होती, आणि मग एके दिवशी उरलेल्या खोक्यांचे तुकडे, शाई आणि कोळसा घेऊन स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसले ती पुन्हा उठलेच नाही. मी काढते ते झाड, घर, माणूस असं काही नसतं. कागद, लाकूड, चुन्याचा लेप, मेण, रंग, जे हाताला लागेल ते एकमेकांवर चढवायचं आणि पुन्हा खरवडायचं. त्यातून काहीतरी वर येतं. ते काय येणार हे मला आधी माहीत नसतं, आणि त्यासाठीच मी रोज सकाळी इतक्या घाईने सायकल मारते.

ती पोस्टरं मी सिमेंट कालवायच्या काळ्या प्लॅस्टिकच्या टपात भिजत घातली. अर्ध्या दिवसात थर सुटायला लागले. ओला कागद बोटांनी हलकेच ओढला की खालचा रंग दिसायचा. काही ठिकाणी वरचा खालच्याला घेऊनच यायचा, आणि हिरव्यावर गुलाबीची बुरशीसारखी नक्षी राहायची. मधूनच एखादा डोळा निघायचा, एखादी टायची गाठ, एखादा अर्धा शब्द. ते मी उलटे लावायची. चेहरा दिसला की बघणारा चित्र सोडून चेहराच बघत बसतो, मग तुम्ही बाकी कितीही जीव ओता. मी जाड प्लायवर ते कागद चिकटवू लागले आणि आठवड्याभरात माझ्यासमोर एक अडचण उभी राहिली. वाळले की फळे वाकायचे. चांगले पापडासारखे. भिंतीला लावले की मधे पोट आत आणि चारही कोपरे बाहेर. मी खिळे मारून पाहिलं, मागून पट्ट्या ठोकून पाहिलं. पट्ट्याच वाकल्या.

एप्रिलमध्ये माझे सासरे पुण्याहून तीन महिन्यांसाठी आले. सासूबाई गेल्यानंतरचा त्यांचा हा पहिलाच मोठा प्रवास. ते पुण्यातल्या एका छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात आयुष्यभर काम करून निवृत्त झालेले. अंगकाठी बारीक, बोलणं कमी आणि हात सतत काहीतरी करायला शोधणारे. नवऱ्याने त्यांना ट्यूलिप दाखवले, समुद्र दाखवला, कालव्यातून बोटीने फिरवलं. चौथ्या दिवशी सकाळी मी निघाले तर ते दोन स्वेटर आणि मफलर घालून दारात उभे.

"बाबा, बाहेर जायचंय का कुठे?"

"तू जातेस तिथे येतो. घरात बसून काय करू? तुमच्या घरातलं सगळं दुरुस्त करून झालं."

खरंच झालं होतं. मुलीच्या शाळेच्या ग्रंथालयातून आलेलं एक सुटलेलं पुस्तकसुद्धा त्यांनी शिवून टाकलं होतं.

आम्ही ट्रॅमने गेलो. वर्गात शिरल्यावर त्यांनी चित्रांकडे पाहिलंच नाही. ते सरळ माझ्या चिकटवायच्या बादलीकडे गेले, बोट बुडवलं, अंगठ्याने चोळलं आणि वास घेतला.

"ही काय खळ आहे?"

"वॉलपेपरची पावडर आहे. पाण्यात कालवायची."

"हं," ते म्हणाले. मग वाकलेल्या एका फळ्यामागे गेले. "मागे काही लावलं नाहीस?"

"मागे कोण बघणार?"

"कागद बघतो ना." त्यांनी फळा माझ्याकडे वळवला. "कागद वाळताना आकसतो. एका बाजूने ओढणारा आहे, दुसऱ्या बाजूने कोणी नाही, मग पुठ्ठा तिकडे जाणारच. पुढे जितके लावशील तितके मागेही लाव. आणि त्याच दिशेने."

"दिशा म्हणजे?"

तेव्हा त्यांनी मला एक गोष्ट करून दाखवली. पोस्टरचा एक चौकोनी तुकडा कापला, एका बाजूला ओलं बोट फिरवलं आणि तळहातावर ठेवला. कागद हळूहळू वळून त्याची नळी झाली. "नळी उभी झाली ना, म्हणजे याचे धागे उभे. फळ्याच्या मागे पण उभाच लागला पाहिजे." मी चार वर्षं कॉलेजात कमर्शियल आर्ट शिकले, दहा वर्षं कागदावर काम केलं, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी दिवसभर दिसेल त्या कागदाच्या नळ्या करत बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मैदा मागितला आणि मोरचूद मागितलं. कीड लागू नये म्हणून बाइंडर खळीत मोरचूद घालतात. ते विषारी, इथे सहज मिळणार नाही आणि मिळालं तरी मुलगी येते त्या खोलीत नको, असं मी सांगितलं. मग तुरटीवर भागलं. अ‍ॅमस्टेलव्हीनच्या भारतीय दुकानातून नवऱ्याने ऑफिसातून येताना दोन्ही आणून दिलं. वर्गात माझी एक छोटी विजेची शेगडी होती. तिच्यावर बाबांनी खळ शिजवली, सतत ढवळत, एक गुठळी होऊ न देता. ती काचेसारखी झाली तेव्हा त्यांनी पातेलं उतरवलं आणि झाकण न ठेवता कापड घातलं. त्या खळीने लावलेले आणि मागून अस्तर दिलेले फळे सरळ राहिले. मी पट्टी लावून तपासलं, दोनदा.

त्यानंतर ते रोज यायला लागले. बुधवारी इथल्या शाळा दुपारी सुटतात, तेव्हा मुलगीही यायची. ती त्यांच्याशी डचमध्ये बोलायची आणि ते तिच्याशी मराठीत. दोघांचंही काही अडायचं नाही. ते मला फार प्रश्न विचारत नसत. एकदाच विचारलं.

"हे काय आहे असं कुणी विचारलं तर तू काय सांगतेस?"

"खरं सांगू? दर वेळी वेगळं सांगते. काहीच नाहीये, बाबा. रंग आहेत, खाली काय होतं त्याच्या खुणा आहेत."

"बरं," ते म्हणाले. "मला वाटलं मलाच कळत नाही."

जूनच्या मध्यावर आमच्या शाळेतले सगळे स्टुडिओ दोन दिवस लोकांसाठी उघडे राहणार होते. त्यासाठी मी एक मोठं काम घेतलं होतं. माझ्या उंचीएवढा फळा आणि त्यावर पोस्टरांचे पंधरा-सोळा थर. मी मुद्दाम मधे मधे खळ न लावता कागद सोडले होते, त्यामुळे वाळताना त्यांना फुगे आले होते. काही लिंबाएवढे, काही हाताच्या पंजाएवढे. उजेड तिरपा पडला की त्या फळ्यावर सावल्या हलायच्या. मला ते फार आवडलं होतं. महिनाभर मी त्यावर जपून काम करत होते. बाबा तिकडे बघायचे आणि काही बोलायचे नाहीत, आणि मी समजले की त्यांनाही ते आवडलंय.

मेच्या शेवटी मुलीच्या शाळेची सहल होती आणि सोबत यायला पालक हवे होते. मी एक दिवस तिकडे गेले. बाबा म्हणाले, मी स्टुडिओत जाऊन खळ करून ठेवतो. मी किल्ली दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं वर्गात शिरलो तर तो मोठा फळा जमिनीवर आडवा होता. त्यावर प्लॅस्टिक, प्लॅस्टिकवर दुसरा प्लाय आणि त्यावर शाळेच्या आवारात पडलेल्या फरशीच्या सिमेंटच्या चौकोनी लाद्या. सतरा-अठरा असतील. त्या वयाच्या माणसाने एकेक करून आत आणलेल्या.

"फुगे आले होते," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद होता. "स्पंज फिरवून ओलं केलं आणि दाब दिला. आता बघ कसं बसलंय."

मी लाद्या उतरवल्या. प्लाय उचलला, प्लॅस्टिक काढलं. फुगे गेले होते. जिथे फुगे होते तिथे कागद दबून त्याच्या चुण्या पडल्या होत्या, एकमेकांवर बसलेल्या, इस्त्री चुकलेल्या कपड्यासारख्या. सगळा पृष्ठभाग ओला, निर्जीव, चपटा.

"बाबा, हे का केलंत तुम्ही? मला विचारायचं तरी."

त्यांनी फळ्याकडे बोट केलं. "अगं, फुगे होते..."

"ते मी केले होते. मुद्दाम. महिनाभर करत होते. हे तुमच्या छापखान्यातलं रजिस्टर नाहीये."

हे मी बोलले. बोलतानाच मला कळलं की हे परत घेता येणार नाही. ते वळले, बेसिनपाशी उकिडवे बसले आणि आदल्या दिवशीचे दोन ब्रश धुतले, पुसले, उभे ठेवले. मग मफलर गुंडाळला. "मी जातो घरी. ट्रॅम मला कळते आता." आणि गेले. मी त्यांच्यामागे गेले नाही. फळा उचलून हीटरजवळ भिंतीला टेकवला आणि सायंकाळपर्यंत नुसती बसून राहिले.

घरी जेवताना ते नेहमीसारखे मुलीला भात कालवून देत होते. माझ्याशी बोलले, पण "मीठ दे" एवढंच. नवऱ्याला मी स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. तो म्हणाला, "त्यांच्याकडे फुगा आला तर पुस्तक परत यायचं. शेठ सगळ्यांसमोर टेबलावर आपटायचे. त्यांनी तुझ्यावर उपकार म्हणून केलं असणार."

"मला माहितेय," मी म्हटलं. "म्हणूनच जास्त राग येतोय."

शुक्रवारी बाबा आले नाहीत, डोकं दुखतंय म्हणाले. मीही गेले नाही. शनिवारी सकाळी मी एकटीच गेले. फळा वाळला होता. प्लाय महागामोलाचा नव्हता, पण एवढा मोठा दुसरा आणायचा म्हणजे पुन्हा कुणाची तरी गाडी लागणार, म्हणून ठरवलं की वरचं सगळं घासून काढायचं आणि त्याच फळ्यावर नव्याने सुरू करायचं. पाण्याची बादली घेतली, लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळला आणि एका कोपऱ्यातून घासायला लागले. तिथे सपाट होतं. वरचा निळा गेला, खालचा पांढरा आला, मग नारिंगी. त्यात काही विशेष नव्हतं.

मग ठोकळा पहिल्या चुणीवर गेला.

चुणीचा माथा आधी झिजला. तिथे एक बारीक गुलाबी ठिपका उघडला. मी आणखी चार हात मारले तर गुलाबीभोवती हिरवं कडं आलं, हिरव्याभोवती निळं, आणि प्रत्येक रंगाच्या मधे कागदाच्या जाडीची केसाएवढी पांढरी रेघ. गारगोटी फोडल्यावर आत दिसतात तशी वलयं. मी हात थांबवला. स्पंजने पाणी टिपलं, जवळून पाहिलं. कुठल्याही ब्रशने अशी रेघ मला जन्मात काढता आली नसती. मी दुसऱ्या चुणीवर गेले. तिथे दोन घड्या एकमेकांवर होत्या, त्यातून दोन वलयं एकात एक शिरून बाहेर पडली होती. तिसऱ्या ठिकाणी वलय लांब होत नदीसारखं वळत गेलं होतं. पंधरा थर, सहा आठवड्यांचं भांडण, सगळ्यांचे रंग, आणि एकही चेहरा नाही.

मी एवढी घासत होते की पाणी बाहीतून कोपरापर्यंत गेलेलं मला कळलं नाही. तळहाताएवढा भाग उघडला, मग ताटाएवढा. मग माझ्या लक्षात आलं की फुगे फुगेच राहिले असते तर हे कधीच दिसलं नसतं. पोकळ फुगा घासला असता तर फाटला असता. आणि थर सपाट असते तर एका वेळी एकच रंग दिसला असता. फुगा येऊन मग तो दाबला गेल्याशिवाय हे होणारच नव्हतं.

ओल्या हातांनीच मी फोन लावला.

"बाबा, तुम्ही आत्ता इकडे या."

"का गं? काय झालं?" आवाज घाबरलेला.

"काही वाईट नाही. ट्रॅम पकडा. जेवला नसाल तर डबा घेऊन या, पण या."

अर्ध्या तासात ते आले. मी त्यांना खुर्ची दिली नाही, काही सांगितलं नाही, नुसतं फळ्यासमोर नेलं. त्यांनी खिशातून चष्मा काढला. वाकून पाहिलं. मग बोटाचं नख एका वलयावरून फिरवलं, रेघ वर आलेली आहे की आत आहे ते बघायला.

"हे तू रंगवलंस?"

"नाही. हे तुम्ही केलंत. मी नुसतं घासलं."

त्यांनी चष्मा काढून हातात धरला. म्हणाले, "फुगा म्हणजे चूक. एवढंच माहीत होतं मला. आमच्या पहिल्या दिवसापासून तेच."

"बाबा, मी परवा जे बोलले ते बोलायला नको होतं."

"तू बरोबर बोललीस. विचारायला पाहिजे होतं." पुन्हा वाकले. "पण हे बघ, ही चुणी डावीकडेच का पडलीय? मी दाब मधून दिला होता." आणि मग माझ्याकडे वळून, "इथे कागद आडवा होता का गं?"

माफी मागणं तिथे संपलं आणि आमचं काम सुरू झालं. आम्हाला ते पुन्हा करून बघायचं होतं, ठरवून. चुणी हवी तिथे, हवी तेवढी पाडता येते का. स्टुडिओ लोकांसाठी उघडण्याच्या दिवसांना अडीच आठवडे उरले होते. आम्ही वहीएवढ्या लहान तुकड्यांवर सुरुवात केली. कागद उभा, कागद आडवा, आलटून पालटून. थर आठ, बारा, वीस. भिजवायचं किती, लाद्या किती, दाब किती वेळ. बाबांनी वर्गातल्या फळ्यावर खडूने तक्ता आखला आणि प्रत्येक तुकड्याला नंबर दिला. सात नंबरला बुरशी आली. अकरा नंबरचे थर घासताना सोलपटासारखे निघाले, कारण मी खळ गरम असतानाच लावली होती. चौदा नंबरला आम्ही दोघंही एकदम खुर्चीवरून उठलो. बारा थर, एकाआड एक दिशा, आणि फुग्याखाली बोटाएवढी ओल्या कागदाची गुंडाळी ठेवून मग दाब. त्यातून डोंगराच्या नकाशात असतात तशी वलयं आली, एकाच्या आत एक, सगळी अखंड.

"या सपाट देशात सिंहगड काढलास," बाबा म्हणाले. ते इतके खूश होते की त्यांनी तो तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर ताटाशेजारी ठेवला. मुलीने तो हातात घेतला, फिरवून पाहिला आणि डचमध्ये म्हणाली की हे तर चघळायच्या गोळीसारखं आहे, चोखत गेलं की आतला रंग येतो. बाबांना मी भाषांतर करून सांगितलं. त्यांनी मान डोलावली, बरोबर आहे म्हणाले.

मोठा फळा मी रोज थोडा थोडा उघडत होते. सगळीकडे वलयं उघडली तर डोळ्याला कुठे थांबायला जागा राहत नाही, म्हणून मधे मोठा पट्टा तसाच चपटा ठेवला आणि त्यावर कोळसा व चुन्याचा पातळ हात दिला. मग मेण चोळलं. एका सकाळी मी पुन्हा ठोकळा उचलला तर बाबा म्हणाले, "अजून?"

"का?"

"मला सांग, संपलं हे कसं कळतं? पुस्तकाचं आम्हाला कळायचं. पानं संपली की संपलं."

मी ठोकळा हातात घेऊन उभी राहिले. "कधी कधी पुढचा हात मारायची भीती वाटते तेव्हा संपलेलं असतं. आणि कधी कधी नेमका तेव्हाच मारावा लागतो."

"आज कुठलं आहे?"

मी फळ्याकडे पाहिलं. ठोकळा खाली ठेवला.

उघड्या दिवसांना इतके लोक आले की बाबांनी सकाळीच दोन्ही स्वेटर काढून ठेवले. मी दारापाशी बोलत होते आणि ते आत, फळ्याशेजारी, एका कागदाच्या तुकड्याला ओलं बोट लावून लोकांना नळी करून दाखवत होते. मराठीत. डच माणसं भोवती उभी राहून अगदी गंभीरपणे ऐकत होती आणि मग आपापल्या तळहातावर कागद ठेवून बघत होती. फळे काढणारा नगरपालिकेचा माणूस बायकोला घेऊन आला. त्याने जवळून पाहिलं, लांबून पाहिलं, आणि बायकोला सांगितलं की यातला तो केशरी रंग त्याने स्वतः थांब्यावरून सोलला आहे. मग बाबांनी आणि त्याने एकमेकांचे हात बघितले. मला त्यांच्यामधे भाषांतर करायला जायचं होतं, पण कुणीतरी मला थांबवलं. आमच्या भागातल्या वाचनालयाच्या बाई होत्या. त्यांच्या जिन्याशेजारची भिंत रिकामी होती. असंच हवं होतं त्यांना, म्हणाल्या, फक्त तिप्पट रुंद. त्यांनी मला मोबाइलवर त्या भिंतीचा फोटो दाखवला. मी फोटोकडे बघत होते आणि मनात थर मोजत होते.

जुलैच्या सुरुवातीला बाबांचा व्हिसा संपत आला आणि ते परत गेले. पुण्याहून ते रोज फोन करायचे. वाचनालयाचं ठरलं का, मापं आली का, प्लाय एकसंध मिळेल की जोड द्यावा लागेल. जोड द्यायचा असेल तर कागद जोडावरून कसा न्यायचा याचं चित्र काढून त्यांनी मला फोनवर पाठवलं. मी त्यांना म्हटलं, बाबा, लांबून नाही व्हायचं हे, तुम्ही या. ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा आले. बॅगेत चकल्या होत्या आणि त्यांची जुनी हाडाची पट्टी, कागद दाबून घासायची, छापखान्यात चाळीस वर्षं वापरलेली.

प्लायचे तीन मोठे फळे आले तेव्हा ते वर्गाच्या दारातून आत जाईनात. तिरपे करून पाहिले, आडवे करून पाहिले. शेवटी आवाराच्या बाजूची मोठी खिडकी चौकटीसकट काढली. बाहेर मी, शेजारच्या वर्गातली कुंभारकाम करणारी बाई आणि दोन उंच चित्रकार, आणि आत बाबा एकटे.

"जरा उजवीकडे घ्या," बाबा आतून म्हणाले. "वर उचला. अजून. हळू, कोपरा सांभाळा."

माझ्याशिवाय त्यांतल्या कुणालाही मराठी येत नव्हतं. सगळ्यांनी उजवीकडे घेतलं, वर उचललं आणि कोपरा सांभाळला. तिसरा फळा आत सरकला तेव्हा बाबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि खिडकीतून मला म्हणाले, "आधी मागचं अस्तर. शेगडी पेटव, मी मैदा घेतो."